आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला

जुन्या होम कॉम्प्युटरांचा नाद असलेल्या मंडळींत एक सल्ला सारखा फिरत असतो. गेल्या वर्षभरात तो मला तिघांकडून आला, शब्द थोडेफार इकडचे तिकडे. मजकूर साधारण असा (कपॅसिटर म्हणजे बोर्डावरचा वीज साठवून सोडणारा छोटा भाग): "माळ्यावर कमोडोर, स्पेक्ट्रम, अमिगा असलं काही सापडलं तर लगेच चालू करू नका. आधी सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलून टाका, मॉनिटरसकट. चाळीस वर्षांत ते वाळलेलेच असतात आणि बिघाड निघतो तो बहुतेक त्यांचाच. किरकोळ खर्चाचं काम आहे, बदलण्यात नुकसान तर काहीच नाही. मग मूळच्या अडॅप्टरवर बिनधास्त चालू करा."

पहिल्या वाक्याशी माझं भांडण नाही. माळ्यावरून काढलेलं यंत्र फडक्याने पुसून थेट प्लगला लावायचं नसतं. भांडण आहे ते पुढच्या सगळ्याशी.

"चाळीस वर्षांत वाळलेलेच असतात"

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या पोटात ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या असतात आणि मध्ये रसायनात भिजवलेला कागद. ओल गेली की त्याचं काम संपलं, इथपर्यंत सल्ला बरोबर. पण ओल मुख्यतः उष्णतेने जाते. अंगावर ८५ अंश छापलेल्या साध्या कपॅसिटरचं आयुष्य त्या तापमानाला २००० तास धरतात, आणि तापमान दहा अंशांनी उतरलं की ते दुप्पट होतं, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. कमोडोरच्या डब्यात ४५ अंश धरा. चार वेळा दुप्पट केलं की झाले ३२,००० तास. रोज दोन तास वापरला तरी चाळीसच्या वर वर्षं जातात. आणि खरं सांगा, शाळा संपल्यावर त्या यंत्राला रोज दोन तास कोण लावत होतं? रबरी बूच कडक होतं, मेकमेकमध्ये फरक असतो, व्होल्टेज ठरल्या आकड्यावर ठेवणाऱ्या रेग्युलेटरला चिकटून बसलेला बिचारा जास्त शेकतो, हे सगळं मान्य. म्हणून तर एकेक मोजायचा.

मध्यंतरी एक कॉलेजचा मुलगा माझ्याकडे कमोडोर ६४ घेऊन आला. त्याच्या मामाने आखातातून आणलेला, वीसेक वर्षं कपाटावर पडून होता. मुलाने तो सल्ला तंतोतंत पाळला होता. सगळे कपॅसिटर नवे, चकचकीत. पडदा मात्र काळा ठिक्कर. त्याचं एक शहाणपण असं, की काढलेले जुने कपॅसिटर त्याने औषधाच्या रिकाम्या डबीत जपून ठेवले होते. मी ते चहा होईपर्यंत एकेक करून टेस्टरला लावले. सगळ्यात मोठा, २२०० मायक्रोफॅरडचा, त्याचं माप आलं २०९०. ईएसआर, म्हणजे आतला रोध, नगण्य. बाकीचेही असेच. एकच जरा ढिला निघाला, आणि तोही अजून काही वर्षं रेटला असता. मुलगा डबीकडे बघत राहिला.

टोपी फुगलेल्या कपॅसिटरचे जे फोटो या सल्ल्याबरोबर येतात, ते मुळात दुसऱ्याच गोष्टीचे असतात. साधारण १९९९ ते २००७ या काळात सदोष रसायन भरलेले कपॅसिटर बाजारात आले आणि पेंटियमच्या जमान्यातले मदरबोर्ड त्यांनी धडाधड आडवे केले. ती साथ होती. १९८२ सालच्या बोर्डाचा तिच्याशी संबंध नाही.

"बिघाड बहुतेक त्यांचाच"

इथे खरी गंमत आहे. प्रत्येक यंत्राचं दुखणं ठरलेलं असतं आणि ते माहीत असलं की अर्धी दुरुस्ती झालेली असते.

स्पेक्ट्रम घ्या. भारतात डेसिबेल्स कंपनीने परवान्यावर काढलेला डीबी स्पेक्ट्रम आपल्याकडच्या कितीतरी घरांत आला, तेव्हा आधी त्याचंच बोलू. पाच-सहा कळा एकदम बंद पडल्या, तर कारण जवळजवळ नेहमी कीबोर्डखालची मेम्ब्रेन असते, म्हणजे कळ दाबली की जोडणी करणारा प्लास्टिकचा पातळ पडदा. तिची बोर्डात खोचलेली प्लास्टिकची शेपटी वाळून पापडासारखी होते आणि वाकवली की तुटते. नवी मेम्ब्रेन आजही बनते, मिळते. कपॅसिटर बदलून कळ उमटणार नाही. पडद्यावर १९८२ची कॉपीराइटची ओळ येण्याऐवजी रंगीत चौकोनांचा कचरा दिसला, तर संशय खालच्या १६ केबी मेमरीवर घ्यायचा. त्या ४११६ जातीच्या आठ चिपा आहेत आणि त्यांना तीन व्होल्टेज लागतात: १२, ५ आणि उणे ५. यातले १२ आणि उणे ५ बोर्डावरच एक छोटी कॉइल आणि टीआर४ नावाचा ट्रान्झिस्टर मिळून तयार करतात. चालू यंत्राच्या मागच्या कनेक्टरमध्ये काही हललं, क्षणभर शॉर्ट झालं, की तो ट्रान्झिस्टर जातो. उणे ५ गेले की चिपाही त्याच्यामागे जातात. स्पेक्ट्रमचे कपॅसिटर मी स्वतः बदलतो, ते लपवत नाही. मोजके आहेत, आडव्या जातीचे आहेत आणि गळलेले पाहिलेत. पण ते शेवटी, मल्टिमीटरवर तिन्ही आकडे नीट दिसल्यावर.

बीबीसी मायक्रो. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' नावाच्या संगणक शिक्षणाच्या प्रकल्पातून तो देशभरच्या निवडक शाळांत पोचला, त्यामुळे जुन्या शाळांच्या अडगळीत अजून एखादा निघतो. त्याच्या सप्लायमध्ये, म्हणजे घरची वीज यंत्राजोगी करणाऱ्या भागात, मेन्सवर (घरच्या विजेच्या बाजूला) दोन फिल्टर कपॅसिटर असतात, ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे. पारदर्शक पिवळट अंगाचे, आत धातूचा मुलामा दिलेला कागद. वरच्या कवचाला केसासारख्या भेगा पडतात, त्यातून दमट हवा आत शिरते. मग एका पावसाळ्यात कोणी हौसेने २३० व्होल्ट जोडले की पाचदहा मिनिटांत फाट् असा आवाज, खोलीभर पांढरा धूर आणि दोन दिवस न जाणारा घाणेरडा वास. यंत्र पुष्कळदा त्यानंतरही चालतच राहतं, हा भाग वेगळा. हे दोन कपॅसिटर न बघता, न मोजता, डोळे मिटून बदलावेत, त्याच मायक्रोफॅरडचे आणि एक्स-२ वर्गाचे, म्हणजे मेन्सवर लावण्यासाठी बनवलेले. आणि ते इलेक्ट्रोलिटिक नाहीत! म्हणजे सल्ला शब्दशः पाळणारा माणूस बाकीचे सगळे बदलेल आणि हेच दोन जागेवर ठेवेल.

अमिगाच्या बाबतीत तर एकाच कंपनीची दोन यंत्रं शेजारी ठेवावीत. १९८७चा अमिगा ५००, त्याचे कपॅसिटर पाय आरपार घातलेले, बहुतेक वेळा ठणठणीत. १९९२चा अमिगा १२००, त्याचे बोर्डावर वरून चिकटवलेले, म्हणजे सरफेस माउंट. हे मात्र गळतातच. गळालेलं रसायन आजूबाजूचे ट्रॅक, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या वाटा, खातं, सोल्डर काळपट आणि निस्तेज दिसायला लागतं, आयर्न टेकवली की सडक्या मासळीसारखा वास सुटतो. वास आला की समजायचं, उशीर झालाय पण फार नाही. अमिगा १२००, अमिगा ६००, त्याच सुमाराचे मॅकिन्टॉश यांना हा सल्ला शंभर टक्के लागू आहे. मला वाटतं सल्ल्याचा उगमच तिथला असावा; तिथून तो सुटला आणि सगळ्यांच्या मागे लागला.

ज्याचा सल्ल्यात उल्लेखच नाही ते म्हणजे बॅटरी. अमिगा ५०० प्लस किंवा ३८६-४८६चे बोर्ड उघडले की घड्याळासाठी सोल्डर केलेली पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी दिसते, तिच्याभोवती हिरवटनिळी बुरशी चढल्यासारखी. ती आजच्या आज कापून काढा. गळती अल्कलीची असते, म्हणून व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसायची, मग पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. सगळे कपॅसिटर नवे आणि बॅटरी जुनीच, अशा स्थितीत आलेला एक बोर्ड माझ्याकडे आहे. त्याचे ट्रॅक भिंगातून शोधावे लागतात.

"नुकसान तर काहीच नाही"

त्या मुलाच्या कमोडोरवर तीन ठिकाणी पॅड, म्हणजे पाय सोल्डर करायच्या तांब्याच्या टिकल्या, उखडले होते. यात त्याचा फार दोष नाही. कपॅसिटरचा ऋण पाय बोर्डाच्या ग्राउंडला, म्हणजे तांब्याच्या मोठ्या पत्र्याला जोडलेला असतो. हा पत्रा उष्णता पिऊन टाकतो. २५ वॉटची आयर्न टेकवून माणूस वाट बघतो, सोल्डर वितळत नाही, मग तो जरा ओढून बघतो. पाय येतो, बरोबर भोकातलं तांब्याचं अस्तरही येतं. बोर्ड दोन बाजूंचा असेल तर वरचा आणि खालचा ट्रॅक एकमेकांपासून तुटतो, आणि हे वरून दिसत नाही. जुन्या सांध्यावर आधी थोडं नवं सोल्डर आणि फ्लक्स लावायचं, मग पंप मारायचा. पाय कापून एकेक काढला तर अजून बरं. आधी टीव्हीच्या भंगार बोर्डावर दहा-बारा काढून बघायला हवे होते, हे मी त्याला बोललो. त्याने मान डोलावली. मीही त्याच्या वयात हेच करून एक बोर्ड घालवलाय, ते मात्र तेव्हा बोललो नाही.

उलटसुलट लावण्याचा धोका वेगळाच. इलेक्ट्रोलिटिकवर पट्टी असते ती ऋण बाजूची, टँटलम जातीच्या कपॅसिटरवर असते ती धन बाजूची. घाईत दोन्हींना एकच नियम लावला की टँटलम पेटतो. बोर्डावरच्या छापील खुणेवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. अमिगा ४०००वर आवाजाच्या भागातल्या काही कपॅसिटरची खूण छापतानाच उलटी झालेली आहे. काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या, दोन बाजूंनी.

"मॉनिटरसकट" हा शब्द ज्याने कोणी घातला त्याने पिक्चर ट्यूबवाला मॉनिटर कधी उघडला नसावा. ट्यूबच्या वरच्या रबरी टोपीखाली हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच बसून राहतात. स्विचिंग सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट असतात. हे काम ज्याने पूर्वी कोणाच्या तरी शेजारी बसून केलंय त्याच्याकडे द्या. गावात जुना टीव्ही मेकॅनिक असेल तर उत्तम.

"मूळच्या अडॅप्टरवर बिनधास्त"

सगळ्या सल्ल्यातलं हे सर्वांत महागात पडणारं वाक्य.

कमोडोर ६४चा सप्लाय म्हणजे विटेसारखा काळा ठोकळा. आतून तो राळेने पूर्ण भरलेला आहे. त्यातून दोन गोष्टी बाहेर येतात: ९ व्होल्ट एसी आणि ५ व्होल्ट डीसी. ५ व्होल्टचा रेग्युलेटर त्या राळेत गाडलेला, उष्णता बाहेर जायला वाव नाही. तो मरतो तेव्हा बऱ्याचदा व्होल्टेज शून्य होत नाही, वर चढतं. आणि हे ५ व्होल्ट मध्ये कुठलाही अडसर नसताना थेट मेमरी आणि इतर चिपांना जातात. सव्वापाचच्या वर गेलं की त्यांच्या जिवावर बेततं. बोर्डावरचे नवेकोरे कपॅसिटर यात काहीही करू शकत नाहीत.

मुलाचा ठोकळा मी प्लगला लावला, मीटर जोडला. ५.१. "बघा, सप्लाय तर बरोबर आहे," तो म्हणाला. मी ५ व्होल्टच्या दोन टोकांत ५ ओहमचा, १० वॉटचा रेझिस्टर अडकवला, म्हणजे एक अँपिअर ओढला जाईल, आणि तसाच ठेवून दिला. वीस मिनिटांनी ५.२. चाळीसाव्या मिनिटाला ठोकळा हाताला चांगलाच गरम, आणि मीटरवर ६.३. मोकळा, थंड सप्लाय मोजून काही कळत नाही, तो असा कामाला जुंपून मोजावा लागतो. आज बाजारात नवे, सुरक्षित सप्लाय मिळतात, किंवा मध्ये व्होल्टेज चढलं की रिले तोडणारी छोटी सर्किट घालता येते.

स्पेक्ट्रमवाल्यांना इथेच सांगून ठेवतो: त्याच्या अडॅप्टरच्या पिनचा मधला भाग ऋण असतो, आपल्या आजच्या बहुतेक अडॅप्टरच्या बरोबर उलटा. "९ व्होल्ट लिहिलंय ना" म्हणून कुठलाही खुपसू नका.

ज्यांच्या सप्लायमध्येच मेन्स येते, त्यांच्यासाठी आपल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानांतला सिरीज बोर्ड अजून तोडीस तोड आहे. १०० वॉटचा जुना फिलामेंटचा बल्ब मेन्स आणि यंत्राच्या मध्ये घालायचा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भगभगीत जळत राहिला तर आत शॉर्ट आहे आणि तुमचं यंत्र बल्बाने वाचवलं. स्विचिंग सप्लाय बल्बामागे कधी कधी टिकटिक करत बसतो, नीट चालू होत नाही. त्याने घाबरायचं कारण नाही.

कमोडोरचं पुढे काय झालं? दुसरा सप्लाय लावून आठ मेमरी चिपांवरून बोट फिरवलं, तर एक चटका देणारी गरम. डेड टेस्ट कार्ट्रिज खोचलं. ते पडदा ठरावीक वेळा उजळवतं आणि ती संख्या खराब चिपेची असते. हिशेब त्याच चिपेवर येऊन थांबला. ती काढली, सॉकेट घातलं, नवी ४१६४ बसवली, तर दुसरी एक बोलली. तीही बदलली. उखडलेल्या पॅडच्या जागी पातळ तारेचे तीन जंपर. त्यात संध्याकाळचे साडेसात वाजले. मग निळ्या पडद्यावर ३८९११ बाइट्स मोकळ्या असल्याची ओळ आली. मुलाने तिचा फोटो काढून मामाला पाठवला आणि ठोकळा कचऱ्यात टाकू का असं विचारलं. मी तो ठेवून घेतला. वायर आणि पिन चांगली आहे, नव्या सप्लायला उपयोगी पडेल.