गाडी चालते कुठं?

आमच्या पिकअपचे टायर गोटा झालेत, हे गल्लीतल्या सगळ्यांना माझ्याआधी कळलं होतं. दूधवाल्याला माहीत होतं, इस्त्रीवाल्याला माहीत होतं. सकाळच्या कचरागाडीच्या ड्रायव्हरने तर एक दिवस गाणं बंद केलं, खाली उतरला आणि आमच्या मागच्या चाकाकडे बोट दाखवत म्हणाला, "अंकलजी, ये तो टकला हो गया." इंदुरात कचरागाडीचं गाणं मध्येच थांबलं की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

टायरच्या खाचांत तळाशी रबराच्या बारीक आडव्या पट्ट्या असतात. झिजत झिजत नक्षी त्या पट्ट्यांच्या बरोबरीला आली की 1.6 मिलिमीटर उरले, आणि कायद्याच्या दृष्टीने टायर संपला. आमच्या टायरवर या पट्ट्या शोधाव्या लागल्या नाहीत. नक्षी म्हणून उरल्या होत्या त्या फक्त त्याच.

त्यातच जुलैत खताच्या गोण्या घेऊन शेताकडे जाताना गाडी रुतली. आमचा तुकडा महूच्या पुढे, जानापावच्या डोंगराच्या अंगाला आहे. पावसाळ्यात सोयाबीन, हिवाळ्यात बटाटा आणि थोडा लसूण. घरापासून डांबरी रस्ता जिथे संपतो तिथपर्यंत गाडी लोण्यातून गेल्यासारखी जाते. पुढे उरते साडेतीनशे-चारशे मीटरची गाडवाट, आणि ती शुद्ध माळव्याची. माळव्याच्या काळ्या मातीची कौतुकं आपण लहानपणापासून ऐकतो: बेसॉल्टपासून झालेली, पाणी धरून ठेवणारी, सुपीक. ती पाणी धरते हे खरंच. पाण्याबरोबर चाकही धरते, हे भूगोलाच्या पुस्तकात नव्हतं. शेजारच्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर लावून गाडी ओढली. ओढताना तो काही बोलला नाही. दोर सोडवताना एवढंच म्हणाला, "बाबूजी, टायर बदलवा लो." चार माणसं वेगवेगळ्या वेळी एकच गोष्ट सांगतात तेव्हा ती खर्चाची असते.

टायर घेणं म्हणजे काय, दुकानात जायचं, साइझ सांगायचा, बसवून यायचं, असा माझा समज होता. देवास नाक्याकडच्या दुकानदाराने साइझ विचारलाच नाही. चहा मागवला आणि विचारलं, "चलाते कहाँ हो, भिया?"

निवृत्त माणसाला हा प्रश्न विचारू नये. मी जरा ताठ बसलो आणि म्हणालो, "सब जगह." वाक्य तोंडातून निघालं, आणि दुकानदाराच्या डोळ्यांत जी चमक आली ती बघून मला कळलं की आता स्वस्तातलं काही या टेबलावर येणार नाही.

त्याने तीन टायर ओळीने उभे केले. पहिला एचटी, म्हणजे हायवेचा. सरळ खाचा, शांत चेहरा, आपल्या आधीच्या टायरांचा तरुणपणीचा फोटो. तिसरा एमटी, चिखलाचा, ज्याला आपण बटण टायर म्हणतो. त्याच्याकडे बघूनच कमरेत चमक यावी. आणि मधला एटी, ऑल टेरेन. जाड ठोकळे, रुंद खाचा, आणि बाजूवर पांढरी ठसठशीत अक्षरं. "पचास परसेंट रोड, पचास परसेंट ऑफरोड," दुकानदार म्हणाला. मनातल्या मनात मी हिशेब केला. आमची गाडी रामबाग ते सियागंज, सियागंज ते मंडी, आणि आठवड्याकाठी शेत. ऑफरोड म्हणजे ते चारशे मीटर. ते अर्ध्या आयुष्याएवढे करायचे तर मला गाडवाटेवरच राहायला जावं लागलं असतं. पण एटीच्या शेजारी एचटी इतका सज्जन दिसत होता की त्याला हात लावायची लाज वाटली.

"विचार करून सांगतो," म्हणून मी उठलो. इंदुरात हे वाक्य कोणी मनावर घेत नाही. दुकानदाराने दुसरा चहा मागवला.

रात्री पुण्याच्या साडूंना फोन केला. त्यांच्याकडे मोठी फोर बाय फोर आहे. ती ते दर रविवारी धुतात आणि धुतलेल्या गाडीचे फोटो पाठवतात. सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत ती गेल्याचा पुरावा माझ्याकडे आहे. साडू म्हणाले, "एटीला पर्याय नाही. ग्रिप म्हणजे ग्रिप." मी म्हटलं, "आमची गाडी फोर बाय टू आहे, फक्त मागची चाकं ओढतात." क्षणभर शांतता. मग, "अरे, मग तर तुला एटी हवाच!" पुण्याचा माणूस माघार घेतो तीही सल्ला देत.

पण मागच्या चाकांचा मुद्दा खरा होता. रिकाम्या पिकअपला पुढे इंजिनाचं वजन आणि मागे नुसता पत्र्याचा हौदा. ओढायचं मागच्या चाकांनी आणि वजन सगळं पुढे. त्यामुळे रिकामी गाडी चिखलात आधी फिरते आणि मग रुतते. बटाट्याची पोती मागे टाकली की तीच गाडी शहाण्यासारखी चालते. आई हे ऐकून म्हणाली, "मग टायर कशाला बदलतोस? येता-जाता बटाटे घेऊन हिंड."

भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने मामाच्या टायरांचं प्रोजेक्ट करायला घेतलं. आत्ताचा साइझ 215/75 आर 15. म्हणजे रुंदी 215 मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या 75 टक्के, रिम 15 इंची. "मामा, 235/75 घ्या, गाडी भारी दिसेल." वहीत त्याने व्यास काढला: 703 चा 733 होतो. मी खूश झालो, गाडी तीस मिलिमीटरने उंच होणार म्हणून. "नाही, अर्धंच. पंधरा," तो म्हणाला, "उरलेली वाढ ॲक्सलच्या वर जाते." शिवाय काटा 60 दाखवेल तेव्हा गाडी साडेबासष्टने पळत असणार, मोठं चाक फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागणार आणि डिझेलही जास्त जाणार. पंधरा मिलिमीटर म्हणजे किती ते आईने त्याला बोटाने दाखवायला लावलं. त्याने दाखवलं. आईने त्या बोटांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि भाजी निवडायला घेतली.

महूला आमच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदारकाका आहेत. महू म्हणजे छावणी. तिथे पानवालाही नकाशे वाचतो. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टायर सोड. हवा कमी कर." मऊ जमिनीत हवा थोडी काढली की टायर पसरतो, जमिनीवर त्याचा ठसा मोठा पडतो आणि चाक कमी रुततं. वाळवंटात गाड्या अशाच चालवतात. "आणि चिखल संपल्यावर?" मी विचारलं. "हवा भर." "तिथे?" "पंप ठेव." "आणि गाडीत टनभर बटाटा असेल तर?" "मग हवा काढू नकोस. टायर तापून फुटेल." एवढं बोलून काका शांतपणे चहा पिऊ लागले. फौजी सल्ल्यात सगळी माहिती असते, फक्त आपली परिस्थिती नसते.

मग मी स्वतः अभ्यासाला बसलो. टायरच्या बाजूवर इतका मजकूर असतो की निवृत्त माणसाचा आठवडा सहज जावा. एकावर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण कोरलेला. याचा अर्थ तो टायर बर्फावरच्या पकडीच्या चाचणीत पास झाला आहे. इंदुरात बर्फ भेटतो तो उसाच्या रसाच्या चरख्यावर. तिथपर्यंत आमची गाडी जुन्या टायरांवरही पोचत होती. दुसऱ्यावर नुसतं एम प्लस एस, मड अँड स्नो. ते लिहायला चाचणी लागत नाही, कंपनी स्वतःच लिहिते. लग्नाच्या बायोडेटात 'मनमिळाऊ' लिहायला तरी कुठे चाचणी लागते?

कामाची गोष्ट मात्र बारीक आकड्यांत होती आणि ती मला कोणीच सांगितली नव्हती. साइझच्या पुढे जो आकडा असतो तो वजनाचा. 100 म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त 800 किलो, 106 म्हणजे 950. पांढऱ्या अक्षरांचा तो रुबाबदार एटी 100 चा निघाला. जीपमध्ये चार माणसं आणि एक कुत्रा घेऊन फिरणाऱ्यांसाठी उत्तम. आमच्या हौद्यात पन्नास किलोची वीस पोती पडतात, वर गडी बसतो, आणि त्या टनाचा जवळजवळ सगळा भार मागच्या दोन टायरांवर. साइझच्या मागे एलटी, म्हणजे लाइट ट्रक, लिहिलेला, जास्त प्लायचा, म्हणजे जास्त भार पेलणारा टायर हवा होता. तो दिसायला चारचौघांसारखा असला तरी चालेल. शिवाय जानापावकडच्या रस्त्यांवर बेसॉल्टचे धारदार दगड. टायरचा तळ पंक्चर झाला तर दुरुस्त होतो, बाजू फाटली की टायर गेला. तेव्हा एटी घ्यायचाच तर जाड बाजूसाठी घ्यावा, ठोकळ्यांच्या रुबाबासाठी नव्हे.

हे सगळं पाठ करून मी दुकानात गेलो. दुकानदार "एकदम फ्रेश माल" म्हणाला. मी त्याला बाजूवरची चार आकडी तारीख दाखवायला सांगितली. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. हा मजकूर बरेचदा टायरच्या एकाच बाजूला असतो, आणि त्या दुकानात ती बाजू नेमकी भिंतीकडे होती. टायर फिरवला: 3122. म्हणजे 2022 सालचा एकतिसावा आठवडा. "गोदाम में रखा था, धूप नहीं लगी," तो म्हणाला. मी जीएसटीचा विषय काढला. सप्टेंबर 2025 मध्ये टायरवरचा जीएसटी 28 चा 18 टक्के झाला, मग भाव तोच कसा? यावर त्याने तिसरा चहा मागवला. चहावर जीएसटी नव्हता.

परतताना कचरागाडी भेटली. मनात आलं, सबंध इंदुरात छोट्या गाडीचे टायर सगळ्यात जास्त कोण झिजवत असेल, तर हाच माणूस. 2017 पासून हे शहर स्वच्छतेत पहिलं येतंय ते अशाच गाड्यांच्या जिवावर. मी त्याच्या चाकांकडे बघितलं. साध्या, सरळ खाचांचे टायर. ना ठोकळे, ना अक्षरं. "तुम्ही एटी का नाही लावत?" मी विचारलं. "काय करू त्याचं?" तो मराठीत म्हणाला. आमच्या गल्लीत पाच मिनिटं थांबणाऱ्या प्रत्येकाला थोडं मराठी येतं. "दर सोमवारी हवा बघतो. बस." मग ट्रकवाल्यांचं जुनं गणित सांगितलं: पुढे रिब, मागे लग. पुढची चाकं वळायची, त्यांना सरळ खाचा. मागची ओढायची, त्यांना आडवे ठोकळे. "आणि काळ्या मातीत?" त्यावर तो हसला. "तिथे तर खाचाच भरून जातात ना. कोणताही टायर टकला."

ते खरं आहे. ओली काळी माती खाचांत जी बसते ती निघतच नाही. दोन फेऱ्यांत एटी आणि गोटा टायर दोघांचं रूप एक. ट्रॅक्टरच्या चाकाची गोष्ट वेगळी. आणि एटीच्या खाचा रस्त्यावर आल्या की हीच माती ढेकळाढेकळाने सोडतात. म्हणजे शेतातून निघून रामबागेपर्यंत, देशातल्या सगळ्यात स्वच्छ शहरात, आपल्या नावाचा माग ठेवत यायचं. महापालिकेचा दंड भरण्याऐवजी मी दारात स्क्रूड्रायव्हर घेऊन एक एक खाच कोरत बसलोय, हे चित्र माझ्या आधी बायकोला दिसलं.

"अहो, चिखल किती आहे म्हणालात?" तिने विचारलं.

"चारशे मीटर."

"आणि टायर किती?"

"चार. स्टेपनी धरून पाच."

तिने पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेतकऱ्याच्या बायकोला फोन केला. दोघींचं बोलणं मुलांच्या शाळेपासून सुरू होऊन मुरमापर्यंत आलं. त्यांनाही त्याच वाटेने ट्रॅक्टर न्यायचा असतो, त्यांच्याही पाहुण्यांच्या मोटारसायकली घसरतात. पावसाने उघडीप दिली तशा मुरमाच्या ट्रॉल्या आल्या, खर्च अर्धा-अर्धा झाला, वर रोलरऐवजी त्यांचाच ट्रॅक्टर फिरला. मी पुढच्या फेरीला गेलो तर गोट्या टायरांवर गाडी शेतात सरळ आत. पुण्याला फोटो पाठवला. साडूंनी विचारलं, "कुठले टायर घातलेस?"

तरी टायर घ्यायचे होतेच. पट्ट्या काही परत वर येणार नव्हत्या. साइझ तोच ठेवला, वजनाचा आकडा 106, एलटी, फार न ओरडणारा एटी, तारीख याच वर्षातली. दुकान दुसरं. बसवताना फिटरने टायर आडवा टाकला आणि मान वर करून विचारलं, "अक्षर बाहर या अंदर?"

याच्या बाजूवरही पांढरी अक्षरं होती. अभ्यासात हे आलंच नव्हतं. मी बाहेर म्हणालो. बायको म्हणाली, "आत. या वयात कशाला?" भाच्याने फोनवर बाहेर सांगितलं आणि सोबत चार फोटो पाठवले. आईचं मत पडलं की वर नाव असलेली वस्तू चोरीला जात नाही, तेव्हा बाहेर. बायकोने विचारलं, नाव कंपनीचं आहे, आपलं कुठे आहे? आई म्हणाली, मग आपलं घालून घ्या. दोन्ही बाजूंनी जोर चढत गेला. फिटरची जेवणाची वेळ झाली होती. आमचा निकाल लागेपर्यंत तो उजवीकडचे दोन अक्षरं बाहेर आणि डावीकडचे दोन अक्षरं आत असे बसवून, नट आवळून, हवा भरून मोकळा झाला होता आणि पाना हातात धरून स्टेपनीचं विचारत होता.