विरोध असा करा की टॉवर वेळेत उभा राहील

वस्तीच्या तोंडाशी एसआरए योजनेचा, म्हणजे झोपड्या पाडून टॉवरमध्ये घरं देणाऱ्या झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या योजनेचा बोर्ड लागला, की सुज्ञ रहिवाशाने आधी फ्लेक्सवाल्याकडे जावं. 'एकच निर्धार, योजना हद्दपार' असा दणदणीत मजकूर, वर साहेबांचा फोटो, खाली कमिटीतल्या झाडून सगळ्यांची मुंडकी. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाका, ३० दिवसांत परिशिष्ट-२ आणि मंजूर नकाशाच्या प्रती मागता येतात, असं कोणी मध्येच बोललं तर त्याला खाली बसवा. नकाशावर साहेबांचा फोटो नसतो.

परिशिष्ट-२ म्हणजे नव्या घराला पात्र-अपात्र ठरलेल्यांची यादी. प्रारूप यादी लागते, हरकतींना मुदत मिळते, आणि ती मुदत मोर्चाच्या तयारीत घालवायची असते. यादी वाचायचीच झाली तर फक्त स्वतःचं नाव बघा. शेजारच्यापुढे 'अपात्र' लिहिलं असेल तर चुकचुकल्यासारखं करा आणि घरी या. कारण यात एक हिशेब दडलेला आहे आणि तो वस्तीला कळता कामा नये. योजनेला संमती लागते ती पात्र झोपडीधारकांपैकी ५१ टक्क्यांची. पूर्वी ७० टक्क्यांची लागायची, मुंबईच्या 'विकास नियमावली २०३४'ने ती खाली आणली. समजा वस्तीत ४०० झोपड्या आहेत. सगळे पात्र असतील तर २०४ सह्या जमवाव्या लागतात. त्यातले १०० अपात्र ठरले, की उरलेल्या ३०० चे ५१ टक्के, म्हणजे १५३ सह्यांत काम होतं. अपात्र माणूस कितीही घसा फोडून 'नाही' म्हणाला तरी त्याचं 'नाही' मोजायला रकानाच नाही. २४७ घरांची सहीच नाही आणि योजना बहुमताने मंजूर!

म्हणून कागद जुळवायच्या भानगडीत पडू नका. पात्रतेला लागणारं १ जानेवारी २००० पूर्वीचं मतदार यादीत नाव, वीजबिल, फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र) हे सगळं पेटीच्या तळाशी असू द्या. मतदार यादीत 'जाधव' आणि वीजबिलावर 'जाधाव' असेल तर तेही तसंच ठेवा. एवढ्याशा कान्यावरून कोण घर नाकारतंय? (नाकारतात. मग अपील, मग तारखा. तोवर बाकीची वस्ती संक्रमण शिबिरातल्या तात्पुरत्या घरांत पोचलेली असते.)

धारावीकरांना सह्यांचा तेवढाही त्रास नाही. तिथे संमतीची अटच काढून टाकली आहे, त्यामुळे सगळा खेळ सर्वेक्षणावर. तळमजल्यावर १ जानेवारी २००० पूर्वीपासून असाल तर धारावीतच ३५० चौरस फूट मोफत. २००० ते २०११ मधले असाल तर अडीच लाख रुपये भरून ३०० चौरस फूट, तेही धारावीबाहेर. माळ्यावर राहत असाल तर बाहेरच, भाड्याने किंवा भाडेखरेदीने. अशा ठिकाणी पाहणीवाले आले की कडी लावून घेणं हा फार सोयीचा विरोध आहे. बहिष्कार हे हत्यार खोटं नव्हे. आख्ख्या गल्लीने दार लावलं तर पाहणी अडते. म्हणून तुम्ही तो अर्ध्या गल्लीने करा. उरलेली अर्धी गल्ली कागद देऊन मोकळी होईल आणि तुमच्या नोंदीपुढे 'घर बंद' एवढंच उरेल. माळ्यावरच्या भाडेकरूंना तर सभेला बोलावूच नका. त्यांचा आणि आपला काय संबंध? बिल्डरचंही नेमकं हेच म्हणणं आहे.

आता सर्वसाधारण सभा. इथे विरोधकाचं खरं कौशल्य दिसतं. हॉलच्या दारात हजेरीची वही असते. ठळक अक्षरात सही करून आत जा. अजेंड्यावरचा तिसरा विषय निघाला की खुर्ची सरकवून उठा, 'बिल्डर हटाव' म्हणा आणि दोनशे माणसं घेऊन सभात्याग करा. बाहेर वडापाव खाताना फार समाधान वाटतं. आत मात्र त्याच वहीतल्या दोनशे सह्यांवर गणसंख्या भरलेली असते आणि उरलेले चाळीस जण हात वर करून ठराव एकमताने पास करतात. चित्रीकरण असतंच. त्यात तुम्ही उत्साहाने आत शिरताना छान दिसता. लेखी हरकत आणून तिच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेणारा एखादा किरकिऱ्या प्रत्येक वस्तीत निघतो. 'तू काय वकील लागून गेलास?' एवढं विचारलं की तो गप्प होतो. इतिवृत्ताची प्रत मागू नका. चहाबरोबर मिळत नाही म्हणजे ती गुप्तच असणार.

सह्यांबाबत मन मोठं ठेवा. मुलांच्या मोफत वह्यावाटपाचा कागद आला, करा सही. आरोग्य शिबिराचा आला, उठवा अंगठा. वर काय छापलंय आणि क्षेत्रफळाची, तारखेची जागा कोरी का आहे, असल्या शंका माणसाला शोभत नाहीत. आणि सही केलेल्या कागदाचा फोटो काढणं हा तर सरळ अविश्वास झाला.

मागणी नेहमी एकच ठेवावी: पाचशे चौरस फूट. सगळी चर्चा चौरस फुटांवर आली की बाकीचे प्रश्न आपोआप मिटतात. पुनर्वसनाच्या जागेवर हेक्टरी किमान ६५० घरं बसवायची असतात, मग दोन इमारतींच्या मधून ऊन खाली येणार कुठून, हे विचारायचं राहून जातं. गाळा कितीही मोठा असला तरी मोफत मिळणार २२५ चौरस फुटांपर्यंतच. भट्टी, शिलाईची मशिनं, भंगाराची गोणी कुठे मावणार, हेही राहतं. देखभालीचं तर काढूच नका. नियमावलीत बिल्डरने त्यासाठी दर घरामागे ४०,००० रुपये ठेवायची मूळ तरतूद होती. सात टक्के व्याज धरलं तर महिन्याला सुमारे २३३ रुपये. त्यात लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे आणि वॉचमन. तेवीस मजल्यांची लिफ्ट बंद पडली की चढायला पाय आहेतच, आणि जागा तर वाढवून मिळालीच ना?

योजना मंजूर झाल्यावर मात्र खरा बाणा दाखवायचा. 'मेलो तरी झोपडी सोडणार नाही.' मंजुरीनंतर १५ दिवसांत सामील न होणाऱ्यांवर झोपडपट्टी कायद्याच्या कलम ३३ आणि ३८ खाली कारवाई होते, हे घोषणेत बसत नाही म्हणून कोणी सांगत नाही. कारवाई सुरू झाली की संक्रमण शिबिरातली जागा गेली, सोडतीतला हक्क गेला. बाकीच्यांनी निवडून उरेल ते घर, कदाचित दुसऱ्याच जागेवर. बांधकाम परवानगी मिळेपर्यंत अडून राहिलात तर घरावरचा हक्कच संपतो. कोर्टात जायचं तर या टप्प्यावर जा, आधी अजिबात नको. इतकी वर्षं काय करत होतात, असं न्यायालयाने विचारलं तर सांगा, फ्लेक्स लावत होतो.

राहता राहिलं भाडं, टॉवर होईपर्यंत बाहेर राहायला बिल्डरने द्यायचं. दोन वर्षांचं भाडं बिल्डरने आधीच जमा करायचं आणि तिसऱ्या वर्षाचे पुढच्या तारखांचे चेक द्यायचे, असं प्राधिकरणाचं परिपत्रक आहे. झोपडी रिकामी करण्यापूर्वी ही रक्कम भरली का, याची चौकशी करू नका. कमिटीतले लोकच आता भाडेवाटप बघतात, आपलीच माणसं आहेत. चेक वटला नाही की पुन्हा जमू. फ्लेक्स गुंडाळून ठेवलाय. तारीख तेवढी बदलायची आहे.