स्कूटरवरच्या कोंबड्या

तिन्हीसांजेला वाडीतल्या घराघरांत दिवा लागतो आणि शुभंकरोतीचे स्वर ऐकू येऊ लागतात; नेमक्या त्या मंगल वेळी गेल्या हिवाळ्यात मी हातात बांबू घेऊन फणसाखाली उभा असे आणि फांदीवर ओळीने बसलेल्या कोंबड्यांना खाली उतरण्याविषयी समजावीत असे. छत्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे थकबाकीदारांना समजावण्याचा मला दांडगा अनुभव आहे. पण थकबाकीदार निदान ‘पुढच्या महिन्यात बघू’ एवढे तरी म्हणतो. कोंबडी मान पंखात खुपसते आणि डोळे मिटून घेते.

निवृत्त झाल्यावर मुंबई सोडून आम्ही कुडाळ तालुक्यातल्या मूळ घरी राहायला आलो, तेव्हा घरची अंडी खायची एवढीच माझी माफक इच्छा होती. आठवडा बाजारातून दहा तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, आणि एक कोंबडा आणला. दिवसभर मोकळे चरायचे, किडे-मुंग्या वेचायच्या आणि संध्याकाळी आपल्या पायांनी खुराड्यात जायचे, असा त्यांचा दिनक्रम मी मनाशी ठरवून टाकला होता. खुराडेही साधेसुधे नव्हते. चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा, आत बसायला गुळगुळीत आडव्या दांड्या, आणि दर पक्ष्यामागे वीतभर जागा हवी हे कुठेतरी वाचलेले असल्यामुळे त्या दांड्यांवर मी पेन्सिलीने खुणासुद्धा केल्या होत्या. गवंडी त्या खुणांकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने गंभीरपणे विचारले, “नंबर पण घालूया काय?”

चूक झाली ती येथे नव्हे. चूक अशी झाली की कोंबड्या आल्या तेव्हा खुराड्याचा गिलावा ओला होता. तो वाळेपर्यंत आठ रात्री त्यांची सोय पडवीत करावी लागली, आणि पडवीत माझी जुनी स्कूटर उभी होती. पहिल्याच रात्री तीन कोंबड्या हँडलवर, पाच आसनावर आणि दोन मागच्या स्टेपनीवर स्थिरावल्या. कोंबडा वरच्या फळीवर, माझ्या हेल्मेटावर जाऊन बसला. मला ते दृश्य इतके लोभस वाटले की मी त्याचे छायाचित्र काढून मुलीला पाठवले. कोंबडी जेथे सलग काही रात्री निर्धास्त झोपते तेच तिचे घर ठरते आणि मग ती हटता हटत नाही, हे तेव्हा मला कोणी सांगितले असते, तर मी छायाचित्राऐवजी आधी स्कूटर काढली असती.

नवव्या दिवशी खुराडे तयार झाले. सौभाग्यवतींनी दारापुढे चार ठिपक्यांची रांगोळी काढली. ती पाहुण्यांनी येताक्षणी उकरून टाकली आणि त्यातली खडी निवडून खाल्ली. संध्याकाळी सहाच्या सुमारास अकराही जीव शिस्तीत निघाले, खुराड्यावरून सरळ पुढे गेले आणि पडवीत चढून स्कूटरवर आपापल्या जागी बसले.

त्या रात्री मला वाटले की आपल्याला उपाय सापडला. कोंबडीला अंधारात जवळजवळ काहीच दिसत नाही, त्यामुळे दिवसा अंगणभर पळवून दमवणारी तीच कोंबडी रात्री भाजीच्या जुडीसारखी निमूट उचलता येते. सौभाग्यवती टॉर्च धरीत आणि मी दोन बगलांत दोन अशा खेपा घालून अकराही पक्षी खुराड्यात नेऊन ठेवी. सकाळी खुराड्याचे दार उघडले की सगळी मंडळी उत्साहाने बाहेर पडत. संध्याकाळी पुन्हा स्कूटर, पुन्हा टॉर्च, पुन्हा सहा खेपा. हा क्रम तीन आठवडे चालला. कोंबड्यांच्या बाजूने पाहिले तर यात काहीच वावगे नव्हते. झोपायचे स्कूटरवर आणि जागे व्हायचे खुराड्यात, अशीच जगाची रीत असणार, असे त्यांनी धरून चालले होते. मुंबईत मीसुद्धा कित्येक वर्षे अंधेरीला डोळे मिटून चर्चगेटला उघडत असे.

अखेर मी रागाने स्कूटर मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, नेऊन ठेवली. त्या संध्याकाळी कोंबड्या पडवीत आल्या, स्कूटरच्या रिकाम्या जागेभोवती उभ्या राहिल्या आणि आपापसांत बराच वेळ बोलल्या. मग कोंबडा उडाला तो थेट फणसावर, आणि त्याच्यामागे सगळ्या.

याबद्दल त्यांना फार दोष देता येत नाही. आपल्या कोंबड्यांचा मूळ पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा, आणि तो रात्री झाडावरच बसतो. पिवळ्या पायांचा वारसा मात्र राखी रानकोंबड्याकडून आला, असे २००८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसून आले. हा राखी रानकोंबडा आमच्याच सह्याद्रीत पहाटे आरवतो आणि तोही झाडावरच झोपतो. माझ्या अकरापैकी सात जणांचे पाय पिवळे होते. म्हणजे ज्यांना मी बाजारातून आणलेले पाहुणे समजत होतो, त्यांचे गोत्र या मुलखात माझ्यापेक्षा जुने निघाले आणि फणसावरचा त्यांचा हक्क वडिलोपार्जित ठरला. सातबारा तेवढा माझ्या नावावर होता.

पण रानमांजर सातबारा पाहत नाही. एका सकाळी फणसाखाली पिसे पडलेली दिसली आणि मोजणी दहावर थांबली. बँकेत दिवसअखेरीस हिशेब जुळल्याखेरीज आम्ही उठत नसू. त्या दिवशी मी तीनदा मोजले, परसू पालथे घातले, आणि न जेवता बसून राहिलो.

तेव्हा शेजारच्या काकी कुंपणाशी आल्या. सत्तर वर्षे कोंबड्या पाळलेल्या या बाई महिनाभर माझा सगळा खेळ मुकाट्याने पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “अरे झिला, तू तेंका रोज बगलेत घेवन नेतस, मगे तेंका चलाची गरज काय?” पुढे त्यांनी उपाय सांगितला: “बारा दिस दार उघडू नको. खावचा थय, पिवचा थय, निजाचा थय.” त्यांनी आत वाकून पाहिले आणि आणखी एक दोष काढला. खुराड्याला झरोका एकच, तोही पूर्वेला; बाहेर अजून उजेड असतो तेव्हा आत काळोख दाटलेला असतो, आणि न दिसणाऱ्या भोकात कोंबडी कशाला पाय टाकील? मी दांड्यांवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, पण त्या कोणाला दिसणार, हा विचार केला नव्हता.

मी आत एक लहानसा दिवा लावला आणि दार बंद केले. त्या बारा दिवसांविषयी जेवढे कमी लिहावे तेवढे बरे. कोंबडा पहाटे साडेतीनपासून अन्यायाविरुद्ध घोषणा देई. वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी मारामारी होई, कारण कोंबड्यांत कोणी कोणाला टोचावे याची उतरंड पक्की असते. ही गोष्ट विसाव्या शतकाच्या आरंभी नॉर्वेच्या शेल्डेरूप-एबे यांनी कोंबड्यांकडेच पाहून मांडली, आणि मला ती आमच्या विभागीय कार्यालयात आधीच कळली होती. कोंड्याचा आणि विष्ठेचा वास अंगाला इतका चिकटला की सौभाग्यवतींनी माझे ताट पडवीत, स्कूटरच्या जुन्या जागेवर वाढायला सुरुवात केली.

तेराव्या दिवशी सूर्य मावळायला तासभर उरलेला असताना, उपाशी ठेवलेल्या मंडळींना मी बाहेर सोडले. काकींच्या सांगण्यावरून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तांदळाची कणी घालून तो वाजवायचा आणि “आऽ बा बा बा” अशी हाक घालायची होती. तोवर मी असा आवाज आयुष्यात कधी काढलेला नव्हता. पहिल्या हाकेला काकींच्या कोंबड्या आल्या, दुसरीला कावळे आले, आणि तिसरीला रस्त्यावरून जाणारे पोस्टमन थांबले. माझ्या कोंबड्या सर्वांत शेवटी आल्या. त्या दारापाशी थबकल्या, आतल्या दिव्याकडे मान तिरकी करून एकेका डोळ्याने पाहिले, आणि मग एकेक करून आत गेल्या. मी श्वास रोखून मोजत होतो. मोजणी नवावर थांबली.

दहावी, पिंगट रंगाची आणि अंगाने जरा जाड, पडवीत सापडली. स्कूटरच्या रिकाम्या जागी ती जमिनीवरच बसली होती. मी जवळ जाऊन वाकलो, तेव्हा तिने उठण्याची काही खटपट केली नाही. पंख किंचित उचलून बगलेत हात घालण्यापुरती जागा मात्र करून दिली.

याला आता पाच महिने झाले. नऊ जण सहा-सव्वासहाला आपापल्या पायांनी खुराड्यात जातात. मी डबा खाली ठेवतो, पडवीत येतो आणि पिंगटीला उचलतो. खुराड्यापर्यंतचे अंतर तीस पावलांचे आहे. निम्म्या वाटेतच तिला झोप लागते.