आरएफसी वयावरून निवृत्त करता येत नाहीत

'दहा वर्षांवरचे आरएफसी सरसकट हिस्टॉरिक करा. नवा निघाला की जुना रद्दच होतो, मग ही अडगळ कशाला?' हा दावा सध्या खूप फिरतो आहे. आरएफसी म्हणजे इंटरनेटची मानकं वगैरे मांडणारे क्रमांकित दस्तऐवज, आणि 'हिस्टॉरिक' म्हणजे 'आता वापरू नये' असा दर्जा.

आधी वयाचं बघू. इंटरनेटवर डेटा पाठवण्याच्या दोन मूळ पद्धती म्हणजे यूडीपी आणि टीसीपी. यूडीपीचा आरएफसी 768 ऑगस्ट 1980चा, जेमतेम तीन पानांचा, आणि आजही चालू मानक. टीसीपीचा 793 सप्टेंबर 1981चा. त्याच्या जागी 9293 यायला ऑगस्ट 2022 उजाडला. दहा वर्षांची चाळणी लावली असती तर इंटरनेटचा पायाच अडगळीत गेला असता.

'नवा निघाला की जुना रद्द' हेही खरं नाही. टीएलएस म्हणजे वेबवरची देवाणघेवाण कूटबद्ध करणारा प्रोटोकॉल. त्याच्या 1.3 आवृत्तीचा 8446 ऑगस्ट 2018मध्ये आला आणि 1.2चा 5246 ऑब्सोलीट, म्हणजे जागा नव्यानं घेतलेला, ठरला, तरी 1.2 सर्व्हरवर राहिलं आणि ते योग्यच होतं. 1.0 आणि 1.1 वापरूच नका, हे सांगायला मार्च 2021मध्ये 8996 हा स्वतंत्र आरएफसी काढावा लागला. जागा घेणं वेगळं आणि मनाई वेगळी.

सरसकट निर्णय का चालत नाही, हे सिक्स-टू-फोरवरून कळतं. आयपीव्ही4 ही इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत, आयपीव्ही6 नवी. जुन्याच्या जाळ्यातून नव्याची पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, नेण्याची ही सोय. 3068ने रिलेसाठी, म्हणजे दोन्ही जाळी जोडणाऱ्या यंत्रांसाठी, 192.88.99.1 हा सामायिक पत्ता ठरवला. पॅकेट कोणाच्या रिलेकडे जाईल ते ठाऊक नाही, उत्तर दुसऱ्याच रिलेवरून येणार, आणि मध्ये एखादी फायरवॉल प्रोटोकॉल 41 (अशा पॅकेटांवरची क्रमांकाची खूण) अडवणार. पॅकेट गडप, ब्राउझर ताटकळत, आणि तक्रार करायची कोणाकडे? मे 2015मध्ये 7526ने 3068 हिस्टॉरिक केला. सिक्स-टू-फोरचा मूळ 3056 मात्र राहिला, कारण तोही काढण्याच्या आधीच्या प्रयत्नावर सहमती झाली नव्हती. तंत्र एकच, निर्णय दोन.

म्हणून एकेक क्रमांक तपासावा लागतो: कुठे चालू आहे का, दुसरं मानक त्यावर टेकलं आहे का, चालू ठेवल्यानं अपाय होतो का. मग आयईएसजी या मानकांना मंजुरी देणाऱ्या मंडळातल्या एरिया डायरेक्टरमार्फत दर्जाबदलाचा प्रस्ताव, हरकतींसाठी चार आठवड्यांचा लास्ट कॉल आणि आयईएसजीचा निर्णय. एवढं होऊनही बदलते ती फक्त सूचीतली नोंद. छापील मजकुराचं अक्षरही हलत नाही. त्यामुळे डिस्कवर उतरवून ठेवलेली 793ची प्रत आपण ऑब्सोलीट झाल्याचं कधीच सांगणार नाही. काम सुरू करण्याआधी आरएफसी प्रसिद्ध करणाऱ्या आरएफसी एडिटरच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकाच्या पानावर 'ऑब्सोलीटेड बाय' आणि 'अपडेटेड बाय' या दोन ओळी बघा.