चर्चचा "खरा उद्देश" सांगणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

नाताळ जवळ आला की तो लांबलचक मेसेज फिरायला लागतो, यंदाही सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या, गावाकडच्या सगळ्या ग्रुपवर येऊन गेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सगळी चर्च पोपच्या हुकमावर चालतात, पैसा बाहेरून येतो, गरिबांना आमिष दाखवून बाटवणं एवढाच चर्चचा उद्देश, शाळा-दवाखाने हे त्याचंच जाळं, आणि ख्रिस्ती झालेला माणूस मराठी उरत नाही. मी नगरकडच्या मराठी प्रोटेस्टंट मंडळीत (म्हणजे एका चर्चच्या लोकांत) लहानाची मोठी झाले, त्यामुळं हे वाचून गप्प बसवत नाही. एकेक मुद्दा घेते.

आधी पोप. ते रोमन कॅथलिक चर्चचे प्रमुख, प्रोटेस्टंट लोक 16व्या शतकातच त्यांच्यापासून वेगळे झाले. आपल्याकडे दोन्ही आहेत, वसईचे ख्रिस्ती बहुतेक कॅथलिक, नगर जिल्ह्यात हरेगावला मतमाऊलीची (येशूच्या आईची, मरियेची) मोठी यात्रा भरते तीही कॅथलिकांची (तिथं नवस फेडायला हिंदू घरंसुद्धा येतात), आणि आम्ही प्रोटेस्टंट. आमची मंडळी ज्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये आहे ते 29 नोव्हेंबर 1970 ला आपल्या नागपुरात स्थापन झालं, अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट वगैरे सहा चर्च एकत्र आली, कित्येक वर्षं बोलणी चालली होती. तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी) करायचा की मोठं होऊन स्वतः कबुली दिल्यावर, यावर ख्रिस्ती लोक शेकडो वर्षं भांडलेत, या लोकांनी ठरवलं की दोन्ही पद्धती चालतील. हे सगळं भारतातल्या लोकांनी इथं बसून ठरवलं. आमचे बिशप इथलेच, मंडळीचा कारभार बघणारी पास्टोरेट कमिटी सभासद मत देऊन निवडतात, आणि त्या सभेत आवाज चढतात तेव्हा रोमला कुणी फोन लावत नाही.

आता पैसा. रविवारी उपासनेत अर्पणाची थैली फिरते, त्यात दहाची नोट असते, शंभराची असते, पोरांनी मुठीत धरून आणलेली नाणी असतात. उपासना संपली की खजिनदार आणि अजून दोघं टेबलाशी बसून मोजतात, वहीत लिहितात आणि सही करतात. वर्षातून एकदा कापणीचा सण असतो, तेव्हा लोक घरचं आणतात, ज्वारी, बाजरी, कांदे, कोंबडी, अंडी, एखादा बोकड सुद्धा, आणि मग चर्चच्या आवारात त्याचा लिलाव. एका आजींनी वेलीवरचा भोपळा आणला होता, पन्नासपासून बोली सुरू झाली, दोनशेला सुटला, घेणाऱ्यानं पैसे भरले आणि भोपळा परत टेबलावर ठेवला, म्हणाला पुन्हा लिलाव करा, असा तो तीनदा विकला गेला आणि शेवटी पाळकसाहेबांच्या (आमच्या धर्मगुरूंच्या) घरी गेला. त्या वर्षी छपराचे पत्रे बदलले ते असल्या पैशातून.

परदेशातून पैसा घ्यायचाच तर त्याला एफसीआरए हा परदेशी देणग्यांचा कायदा आहे, नोंदणी लागते, दरवर्षी हिशेब द्यावा लागतो, आणि 2020 च्या दुरुस्तीपासून तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, एका संस्थेनं घेतलेला दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही. म्हणजे खेड्यातल्या मंडळीला गुपचूप डॉलर मिळतात म्हणणाऱ्यानं हा कायदा एकदा वाचावा.

बाटवणं हाच उद्देश, हा मुद्दा सगळ्यात जास्त फिरतो म्हणून त्यावर नीट बोलते. येशूनं शिष्यांना सांगितलं की सगळ्या राष्ट्रांत जा, ते मत्तयच्या शुभवर्तमानाच्या शेवटी लिहिलेलं आहे, आम्ही ते लपवत नाही, ज्यावर आपला जीव आहे ते माणूस सांगणारच. संविधानाच्या 25व्या कलमात धर्माच्या प्रसाराचा हक्क आहे, आणि 1977 साली सुप्रीम कोर्टानं हेही सांगितलंय की प्रसार म्हणजे दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क नव्हे. आमिषानं किंवा धाकानं घेतलेला बाप्तिस्मा आमच्या श्रद्धेतही खोटाच, कारण पश्चात्ताप आणि विश्वास स्वतःचा लागतो, तो दुसऱ्याला विकत घेता येत नाही. कवी टिळकांच्या घरातलंच बघा ना, नारायण वामन टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी नाही घेतला, त्या किती तरी काळ वेगळ्या राहिल्या, पुढं काही वर्षांनी स्वतःच्या मनानं ख्रिस्ती झाल्या. आणि आकडे म्हणाल तर 1951 च्या जनगणनेत देशात ख्रिस्ती साधारण 2.3 टक्के होते, 2011 ला पण 2.3 टक्केच, महाराष्ट्रात तर एक टक्कासुद्धा नाही, जेमतेम 10.8 लाख. एवढा एकच उद्देश आणि जगभरचा पैसा असता तर साठ वर्षांत काटा जरा तरी हलला असता.

मग उद्देश काय, तर तो आम्ही दर रविवारी मोठ्यानं म्हणतो, खिडक्या उघड्या असतात, रस्त्यावरून ऐकू येतं. आधी पापकबुली, सगळे मिळून, पाळकसाहेबांसकट. मग विश्वासाची कबुली: आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्या देवावर, क्रुसावर मेलेल्या आणि तिसऱ्या दिवशी उठलेल्या येशूवर, पवित्र आत्म्यावर, पापांच्या क्षमेवर. मग वचन, प्रवचन, प्रार्थना, आणि त्या प्रार्थनेत राष्ट्रपती आणि पंतप्रधानांपासून गल्लीतल्या आजाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं येतात. प्रभुभोजन असलं तर भाकर आणि द्राक्षारस, रांगेत डॉक्टर आणि झाडूवाली शेजारी शेजारी गुडघे टेकतात. बाकी आठवडा म्हणजे कुणी दवाखान्यात आहे त्याच्याकडे जायचं, कुणी गेलं तर रात्रभर त्या घरी गीतं म्हणत बसायचं, सकाळी कबर खणायला पोरं पाठवायची. देवावर प्रीती कर आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, या दोन आज्ञांत सगळं आलं असं येशू म्हणाला, मंडळी जमते ती हे करायला, आम्हाला ते नीट जमत नाही म्हणून तर कबुली दर आठवड्याला.

तांदळासाठी आणि सवलतींसाठी ख्रिस्ती झाले, हे पण त्या मेसेजात आहेच. 1876-78 च्या दुष्काळात मिशननं लोकांना अन्न दिलं आणि त्यानंतर बाप्तिस्मे वाढले हे खरं आहे, त्यातले बहुतेक महार-मांग समाजातले, गावात ज्यांना पाणवठ्यावर येऊ देत नव्हते असे. त्यांनी पोटासाठीच केलं असं म्हणणाऱ्यांनी हेही विचारावं की नंतर सुगी आल्यावर ते परत का गेले नाहीत, पोरांना शाळेत का घालत राहिले. आणि सवलती? 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणं अनुसूचित जातीचा दर्जा जवळजवळ फक्त हिंदूंना होता, सगळ्या दलित शिखांना 1956 ला आणि बौद्धांना 1990 ला मिळाला, ख्रिस्ती झालेल्याला आजही नाही. आदिवासींचं वेगळं आहे, पण दलित माणूस ख्रिस्ती झाला की ते आरक्षण जातं, त्यानं मिळवण्यापेक्षा गमावलंच जास्त.

शाळा-दवाखाने जाळं होते म्हणता तर जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, नगरला मिशनरी मिस फॅरारबाईंची मुलींची शाळा पाहून आले आणि मग पुण्यात मुलींची शाळा काढली, सावित्रीबाईंचं शिक्षिकेचं प्रशिक्षणही फॅरारबाईंकडं झालं. दोघंही ख्रिस्ती झाले नाहीत, उलट जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला. मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलातून सव्वाशे वर्षांहून जास्त काळ किती माणसं बरी होऊन आपापल्या देवाला नमस्कार करत घरी गेली असतील!

मराठीपणावर तर बोलायला नको खरं, पण राग येतो. ज्ञानोदय हे ख्रिस्ती मराठी नियतकालिक 1842 ला नगरहून सुरू झालं, पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून आख्खं बायबल मराठीत आणलं. टिळक म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो, त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली, आणि 1917 ला मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. 2020 ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. आमच्याकडं आजही पेटी-तबल्यावर भजन होतं, लग्नात हळद लागते, नाताळाला करंज्या होतात.

टीका करायचीच असेल तर खरी जागा मी दाखवते. मिशनच्या जुन्या जमिनींवरून आपलीच माणसं वर्षानुवर्षं कोर्टात भांडतायत. प्रभुभोजनाला शेजारी बसणारी घरं सोयरीक जुळवताना अजून मूळ जात विचारतात, ज्या मंडळीत एकेकाळी जातीचा जाच सुटावा म्हणून लोक आले त्याच मंडळीत हे चालतं आणि आम्ही खपवून घेतो, हे मला त्या मेसेजपेक्षा जास्त टोचतं. मागच्या वार्षिक सभेत मी हे दोन्ही विषय काढले, जमिनीचे कागद सभेपुढं ठेवायचं कमिटीनं कबूल केलंय, जातीबद्दल मात्र अजून कुणी बोललेलं नाही, तो विषय पुढच्या सभेत मी परत मांडणार आहे.