कमी दाबाने

भाचा जर्मनीहून आला तो या खेपेस चॉकलेटं न आणता घरगुती हवामान केंद्र घेऊन आला. एक पांढरी डबी बाहेर टांगायची आणि एक पडदा हॉलमध्ये. पडद्यावर तापमान, हवेचा दाब, दोघांचे आलेख आणि कोपऱ्यात अंदाजाचं चित्र: सूर्य, ढग किंवा ढगाखाली थेंब.

डबी गॅलरीत टांगली. दुपारी साडेतीनला पडदा म्हणाला ४६.८ अंश. पुण्याचा आजवरचा उच्चांक ४३.३, तोही ३० एप्रिल १८९७ चा. सव्वाशे वर्षं जे सिमला ऑफिसला जमलं नाही (पुण्याच्या वेधशाळेला सिमला ऑफिस का म्हणतात हे अस्सल पुणेकर विचारत नाही, कार्यालय १९२८ साली सिमल्याहून आलं म्हणून), ते आमच्या पश्चिमेच्या गॅलरीने पहिल्याच गुरुवारी केलं. मी लगेच सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. सेक्रेटरींनी एवढंच विचारलं, "एसीच्या युनिटसमोर लावलंय का?"

लावलं होतं.

तापमान मोजायचं असतं ते हवेचं, गॅलरीच्या भिंतीचं नव्हे. त्यासाठी सावली हवी आणि वारा खेळता हवा. वेधशाळेत झडपांची पांढरी लाकडी पेटी असते ती याचसाठी. आमच्याकडे पेटी नव्हती, म्हणून कुंड्यांखालच्या सहा पांढऱ्या बशा उलट्या करून, मध्ये फटी ठेवून एकावर एक बांधल्या आणि डबी आत सोडली. उच्चांक गेला, ३९ वर आलो. कुंड्यांचं पाणी खालच्या मजल्यावर गळायला लागलं ते वेगळं. आलेखावर रोज सकाळी अकराला दीड अंशाचं टेंगूळ मात्र राहिलं. ते आमच्या स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनचं.

दाबाने तर पहिल्या रात्री झोपच उडवली. पडद्यावर ९४८ हेक्टोपास्कल. समुद्रसपाटीला साधारण १०१३ असतो म्हणे. म्हणजे ६५ ने कमी! एवढा दाब भीषण चक्रीवादळाच्या डोळ्यात सापडतो. मी उठून खिडक्या लावल्या. सकाळी माहितीपत्रक वाचल्यावर कळलं, दर नऊ मीटर चढलं की दाब साधारण एकाने उतरतो, आणि पुणे आहे ५६० मीटरवर. ती उंची यंत्रात भरायची राहिली होती. आपण इतरांपेक्षा वर आहोत हे पुणेकर सांगायचं विसरला, असं बहुधा पहिल्यांदाच घडलं असेल.

उंची भरली, आकडा हजाराच्या वर गेला आणि खरी गंमत सुरू झाली. दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढायचा आणि दुपारी चारला तीन-चार एककांनी उतरायचा. रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे चारला पुन्हा खाली, फक्त जरा कमी. ही म्हणे वातावरणाची भरती-ओहोटी. सूर्य वरच्या हवेला तापवतो आणि सगळं वातावरण दिवसातून दोनदा हेलकावतं. आपल्या पट्ट्यात हे ठळक दिसतं. जर्मनीत ते नगण्य. तिथे काही तासांत दाब तीनने उतरला तर छत्री काढायची. त्यामुळे आमचं यंत्र भर एप्रिलात रोज दुपारी तीनला ढग आणि थेंब दाखवायचं.

गच्चीवर आईच्या कुरडया होत्या. "जर्मन आहे, उगाच नाही सांगणार," म्हणत तिने तीन दिवस मला ताटं घेऊन दोन जिने उतरवलं. चौथ्या दिवशी तीच म्हणाली, "राहू दे. त्याला रोज दुपारी तसंच होतं."

नेमका त्याच संध्याकाळी वळीव आला. आधी धुळीचा लोट, मग टपोरे थेंब. वीस मिनिटांत तापमान ३७ वरून २५, आणि दाब चक्क दोनने वर! ढगातली गार, जड हवा धाडकन जमिनीवर आदळते, म्हणून तो उसळतो. यंत्राने चढता दाब बघितला आणि हसरा सूर्य काढला. कुरडयांचा पुन्हा चीक झाला.

मग मी अंदाजाच्या चित्रावर चिकटपट्टी लावली आणि निव्वळ निरीक्षण करायचं ठरवलं. ग्रुपवर अभ्यासपूर्ण मजकूर टाकला: "आज दुपारनंतर दाब कमी होत जाईल. चारला नीचांकी. रात्री दहापर्यंत पूर्ववत."

पुण्यात 'दाब कमी' या शब्दांचा एकच अर्थ होतो. दहा मिनिटांत चारही मजल्यांवर बादल्या, पातेली, पिंप नळाखाली आली. तीनपर्यंत गच्चीवरची टाकी तळाला गेली आणि चारला पाणी खरोखरच कमी दाबाने आलं.

ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. "महापालिकेपेक्षा अचूक," असं सेक्रेटरींनी लिहिलं. मी खुलासा टाईप केला, पुन्हा वाचला आणि पुसला. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर पुन्हा टाकला. दाब चारला उतरला, पाणीही उतरलं.

काल जिन्यात चौथ्या मजल्यावरचे काका भेटले. "उद्या सकाळी दाब कसा आहे हो? गाडी धुवायची होती."

"दहाला बिनधास्त काढा, काका," मी म्हणालो. "दहाला चांगला असतो."