‘मराठी फुटतंय’ एवढ्यावर काय करायचं?

नमस्कार,

तुम्ही सविस्तर लिहिलंत, तर उत्तरही सविस्तरच देतो. मुक्त सॉफ्टवेअरमधला (कुणालाही फुकट वापरता-बदलता येतं त्यातला) बग, म्हणजे चूक, कशी कळवावी, या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: वापरणारा फुकट वेळ काढून चूक कळवतो आणि आम्ही त्यालाच व्हर्जन सांगा, फॉन्ट सांगा, फाइल पाठवा म्हणून कामाला लावतो. गाडी बिघडली तर माणूस मेकॅनिकला सांगतो, स्वतः इंजिन उघडून दाखवत नाही. इंग्रजीची सक्ती मराठी माणसाला लांब ठेवते. आणि मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, वेळ नसेल तर त्यानं प्रकल्प दुसऱ्याच्या हाती द्यावा.

मेकॅनिकचं उदाहरण मला आवडलं, पण मेकॅनिककडे माणूस गाडी घेऊन जातो. इथे गाडी तुमच्या दारात उभी आणि मेकॅनिक भलत्याच देशात, नोकरी संपवून रात्री तासभर बसलेला. इंजिन उघडा असं कुणीच म्हणत नाही. उलट कारणाचा तर्क तुम्ही लढवला नाहीत तरी चालतं. हवं असतं ते तुम्हालाच दिसलेलं: काय केलंत, काय झालं, काय व्हायला हवं होतं.

‘मराठी फुटतंय’ ही एका ओळीची तक्रार घ्या. लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-सॉफ्टवेअरमध्ये कुणी ‘आचाऱ्यांना’ लिहायला गेला आणि ‘आचार्यांना’ उमटलं. स्वयंपाकी गेले, गुरुजी आले. चूक कुणाची? २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून लिब्रेऑफिस अक्षरांची जुळणी सगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर हार्फबझ या वेगळ्या मुक्त लायब्ररीकडे सोपवतं. हार्फबझ फॉन्टमधल्या नियमांप्रमाणे चालतं, आणि फॉन्ट तिसऱ्याच कुणीतरी केलेला असतो. शिवाय ‘ऱ्य’मधला तो आडवा र युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि त्यापुढे हलन्त. दुसरी, साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण ते जोडचिन्ह टाइप करायचं राहिलं, किंवा कॉपी-पेस्टच्या वाटेत गळलं, की साध्या ‘र’चा सरळ रफार होतो.

हे स्क्रीनशॉटवरून कसं कळणार? चित्रात फक्त निकाल दिसतो. तेवढाच एक शब्द असलेली फाइल जोडलीत की आत कोणती चिन्हं आहेत ते लगेच पाहता येतं, आणि कीबोर्ड, फॉन्ट की प्रोग्राम, कुणाचं दार ठोठवायचं ते ठरतं. फाइल मागतो ती एवढ्यासाठी. (पगारपत्रक किंवा आधार कार्ड असलेली नको हो! ते काढून, तोच एक शब्द ठेवून पाठवा. मूळ फाइल जशीच्या तशी जाहीर चिकटवणारे लोक पाहिले की पोटात गोळा येतो.)

‘आधी चालत होतं’ हे वाक्य तर सोन्याच्या मोलाचं. कोणत्या आवृत्तीत चालत होतं आणि कोणत्या आवृत्तीत बंद पडलं एवढं कळलं, की मधले बदल निम्मे-निम्मे करत तपासता येतात. हजार बदल असले तरी दहाएक चाचण्यांत नेमका बदल सापडतो.

इंग्रजीचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पण व्याकरणाकडे तिथे कुणी बघत नाही. मोडक्यातोडक्या दोन ओळी आणि सोबत फाइल, पुरे. अगदीच अडलं तर मराठीत लिहा, भाषांतर करणारा कुणीतरी भेटतो. लिहायला मात्र हवंच, कारण हिंदीत हा आडवा र लागतच नाही. कोट्यवधी हिंदी वापरणाऱ्यांना ही चूक कधी दिसणारच नाही. कळवणार तर आपण, नाहीतर नेपाळी.

आता ‘दुसऱ्याच्या हाती द्या’बद्दल. इथे मी जरा कडक बोलणार आहे, कारण हे एकदा घडून गेलंय. फाइली दाबून लहान करणारा एक्सझेड हा प्रकल्प लासे कोलिन जवळजवळ एकट्यानं सांभाळत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यामागे टुमणं लावलं: कामं रखडलीत, नवा मेंटेनर आणा. मानसिक आरोग्याच्या अडचणी आहेत आणि हा बिनपगारी छंद आहे, असं त्यानं जाहीर लिहिलं, तरी टुमणं चालूच. पुढे ‘जिआ टॅन’ नावानं वावरणाऱ्याच्या हाती अधिकार गेले आणि २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा, म्हणजे परक्याला गुपचूप आत शिरू देणारा कोड, निघाला. टुमणं लावणारी नावंही त्याच कटातली असावीत, असं आज मानलं जातं. तुमचा हेतू तसा नाही हे मला ठाऊक आहे, पण थकलेल्या माणसाला शब्द तेच ऐकू येतात.

तो चोरदरवाजा पकडला अँड्रेस फ्रॉइंडनं. तो पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा प्रोग्रामर, एक्सझेडचा निव्वळ वापरकर्ता. एसएसएच (दूरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे शिरायची सोय) लॉगिनला ०.३ सेकंदांऐवजी ०.८ सेकंद का लागतात, इथून त्याला संशय आला. २९ मार्च २०२४ ला त्यानं सगळं जाहीर केलं तेव्हा आधीची वेळ आणि नंतरची वेळ, दोन्ही दिल्या, आणि आपण सुरक्षा-संशोधक नाही हेही स्पष्ट लिहिलं. त्यानं पुढे जे खोदून काढलं ते सगळ्यांना जमणार नाही. पण ‘स्लो झालंय’च्या जागी दोन आकडे लिहायला प्रोग्रामर असावं लागत नाही.

उद्धट मेंटेनर असतात, त्यांची वकिली मी करणार नाही. पण कळवून गायब होणारेही फार. लिब्रेऑफिसच्या बगझिलात, म्हणजे बग नोंदवायच्या साइटवर, प्रश्न विचारून थांबलेल्या नोंदीवर ‘नीडइन्फो’ (माहिती हवी) असा शेरा पडतो, आणि महिनोन्महिने उत्तर आलंच नाही की नोंद अपुऱ्या माहितीपायी बंद होते. बग खरा असला तरी.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधला तर सापडत नाही. ती पीडीएफ ‘एक्सपोर्ट’नं केली होती की ‘प्रिंट’मधून? फॉन्ट कोणता होता? तोच शब्द पीडीएफमधून कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवला तर काय उमटतं? एवढं इथेच कळवा. नोंद तुम्ही करा किंवा मी करतो, पण त्या नोंदीखाली पुढचे प्रश्न आले की उत्तर द्यायला तुम्ही हवेत.